अठरा नंबरची गाठ

सोमवार, ३ तारीख

"तुझ्या हातांना दोरी कळत नाही, तू आपलं पुस्तक धर."

बाबा हे म्हणाले तेव्हा मी सात वर्षांची होते. अकरा महिन्यांनी ते जहाजावरून घरी आले होते आणि त्यांच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. मी कुठून तरी सुतळीचा तुकडा पैदा करून "बाबा, गाठ शिकवा ना" म्हणत त्यांच्या मांडीवर चढले. त्यांनी सुतळी खिडकीबाहेर फेकली आणि हे वाक्य बोलले. पट्टी निघाली तेव्हा त्या हाताला तीनच बोटं उरली होती. मी पुस्तक धरलं, ते आजतागायत. आता सत्तेचाळीस वर्षांची झाले, बंदरावरच्या छोट्या संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी ठेवते, आणि माझ्या बुटाची नाडी अजून एकदाही दुपारपर्यंत टिकलेली नाही.

हे सगळं आज आठवलं ते मावशींमुळे.

आमच्या संग्रहालयाच्या तिसऱ्या खोलीत चाळीस गाठींचा फलक आहे. म्हणजे होता. साठेक वर्षांपूर्वी कुणा म्हाताऱ्या खलाशाने चाळीस दोऱ्यांवर चाळीस तऱ्हेच्या गाठी मारून तो बनवला. प्रत्येक गाठीखाली पितळी आकडा, आणि आकड्यांची नावं नोंदवहीत. येत्या २२ तारखेला वारसा समिती येणार आहे. तिसरी खोली ठेवायची की तिथे भेटवस्तूंचं दुकान काढायचं, हे ती ठरवणार. म्हणून शुक्रवारी मी सफाईच्या मावशींना सांगितलं, "मावशी, फलकावर बोटभर धूळ आहे. एकेक दोरी काढून नीट स्वच्छ करा."

आज येऊन बघते तर मागच्या गच्चीवर चाळीस दोऱ्या वाळत घातलेल्या. सरळ. पांढऱ्याशुभ्र. खळ घातलेल्या.

"मावशी, गाठी?"

"सोडवल्या की! नाहीतर आतला मळ कसा निघणार? दोन दिवस लागले ताई. काहींना तर काटाचमचा लावला. ही बघा नखं." त्यांनी दहाही बोटं माझ्यापुढे धरली. "इस्त्री तेवढी राहिलीय."

मी त्यांना काय बोलणार? 'एकेक दोरी काढून' हे माझेच शब्द. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "मॅडम, दोऱ्याच तर आहेत. बांधून टाका परत."

मंगळवार, ४ तारीख

बाबांना विचारलं. ते तीस वर्षं जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. दोरीतलं त्यांना जे कळत नाही ते कुणालाच कळत नाही. जेवता जेवता सगळी हकीकत सांगितली.

"चाळीसच्या चाळीस सोडवल्या?"

"हो."

"माकडमूठसुद्धा?"

"ती शेवटची ना, चाळीस नंबरची? हो, काट्याने."

"त्या बाईला गोदीत घ्यायला पाहिजे," ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

"बाबा, मला शिकवाल? सगळ्या नाही, निदान अवघड आहेत त्या."

"मी निवृत्त झालोय. आणि तुला तेव्हाच सांगितलं होतं." म्हणजे त्यांनाही ते वाक्य आठवतंय! मला वाटायचं, मीच एकटी ते चाळीस वर्षं सांभाळून आहे.

आई गेल्यापासून चार महिने बाबा आमच्याकडे आहेत. आले त्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं, "नंबर लागेपर्यंत." इथून बसने पाच तासांवर निवृत्त खलाशांचं निवास आहे. तिथे त्यांनी अर्ज केलाय. तेव्हा यादीत अकरावे होते, आज पत्र आलं की चौथे आहेत. "दोघं वर गेले, एकाला मुलगा परत घेऊन गेला, बाकीच्यांचं लिहिलेलं नाही," त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. माझा नवरा म्हणाला, "बाबा, इथे काही कमी आहे का?" तर म्हणे, "जावईबापू, जहाज एका धक्क्याला फार दिवस लागलं की बुडाला शिंपले धरतात."

आई म्हणायची, तुझे बाबा घरी असले की पाहुणे, नसले की घरचे.

मला त्यांना 'राहा' म्हणायचंय. चार महिने रोज म्हणणार असते. पण ज्या माणसाने आपण आयुष्यात एकदाच 'गाठ शिकवा' म्हटल्यावर सुतळी खिडकीबाहेर फेकली, त्याच्याकडे पुन्हा काही मागायचं म्हणजे जीभ जड होते.

शुक्रवार, ७ तारीख

तीन दिवस मी एका जुन्या फोटोवरून गाठी मारते आहे. फलकाचा तेवढा एकच फोटो आहे आणि तो काढणाऱ्याचं लक्ष फलकापुढे उभ्या असलेल्या पाहुण्यांकडे होतं. सोप्या नऊ झाल्या. बाकीच्या गाठी नव्हेत, गुंते आहेत. मावशी येऊन म्हणतात, "ही सोडवून देऊ का?"

आज एक गोष्ट केली. लिहू की नको असं वाटलं, पण इथे नाही लिहिणार तर कुठे.

बाबा रोज पाचला धक्क्यावर फिरायला जातात. (फिरायला म्हणजे आजकालचे खलाशी जहाज कसं बांधतात ते बघून संतापायला.) साडेसहाला परत येतात, घड्याळ लावावं असे. माझं काम पाचला सुटतं आणि घर दहा मिनिटांवर. नवरा शिकवणी संपवून सातला येतो. त्यांच्या खाटेखाली त्यांची जहाजावरची कापडी पिशवी असते. आई असताना आम्ही तिला कधी हात लावला नाही. आईनेही नाही.

मी ती उघडली.

बघणं म्हणजे चोरी नव्हे. आत एक जुना सदरा, शीड शिवताना तळहातावर चढवायचा चामड्याचा पंजा, दोरीचे पीळ उकलायची टोकदार लाकडी खुंटी आणि दोरीचा एक तुकडा निघाला. त्या तुकड्यावर बोलीन, म्हणजे न सरकणाऱ्या फाशाची गाठ होती, आमच्या यादीतली एकवीस नंबरची. ती मी सगळ्या बाजूंनी वहीत काढून घेतली. मग सगळं होतं तसं ठेवलं आणि पिशवीच्या तोंडाची दोरी होती तशी बांधली. साधी निरगाठच होती. तेवढी मला येते.

साडेसहाला बाबा आले. खोलीत गेले, बराच वेळ आत होते. बाहेर येऊन चहा मागितला. कळलेलं नाही.

रविवार, ९ तारीख

आज परत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय, दाराबाहेर मांजर गेलं तरी दचकते.

पण केवढा फायदा झाला! शुक्रवारी घाईत मला दिसल्याच नसाव्यात, पिशवीत आणखी तीन गाठी होत्या. एका काठीवर खुंटगाठ, एक आठाची गाठ, आणि दोन वेगळ्या जाडीच्या दोऱ्या जोडायची एक. आणि दोऱ्या बघाव्यात तर नव्यासारख्या पांढऱ्या. बाबांनी किती जपून ठेवल्यात! तीस-चाळीस वर्षं झाली असतील. माणूस बायकोमुलीच्या बाबतीत एवढा जपणारा असता तर, असंही मनात येऊन गेलं. मग त्याची लाज वाटली.

घरी दुसराच तंटा चालू आहे. गच्चीतली कपडे वाळत घालायची दोरी आखूड झालीय. नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे त्याने लगेच मोजमाप घेतलं. "परवा इथून तिथपर्यंत होती. आज हातभर कमी. आपले कपडे सांग कुठे घालायचे?"

"आटली असेल," बाबा म्हणाले.

"बाबा, दोरी आटते?"

"खाऱ्या हवेत काहीही आटतं, जावईबापू."

बुधवार, १२ तारीख

आजच्याइतका आनंद मला नोकरीत कायम झाले तेव्हाही झाला नव्हता. तेवीस नंबरची गाठ मला चार दिवस छळत होती. फोटोत ती शेवटच्या अवस्थेत दिसते, पण तिथपर्यंत पोचायचं कसं? आज पिशवीच्या तळाशी चार तुकडे सापडले. चारही तीच गाठ, पण पहिला तुकडा सुरुवातीचा, दुसरा अर्धवट, तिसरा जवळजवळ झालेला, चौथा पूर्ण. शाळेच्या फळ्यावर काढावं तशी. बाबा तरुणपणी फार शिस्तीने शिकलेले दिसतात. आणि सगळं राखून ठेवलंय.

उद्या मावशींना दाखवणार. आता त्यांनाही चेव आलाय. माझी प्रत्येक गाठ त्या आधी सोडवून बघतात. दहा श्वासांच्या आत सुटली तर म्हणतात, "कच्ची आहे ताई, परत मारा."

कपड्यांची दोरी आणखी दोन हात गेली. नवऱ्याने भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्यात, तारखांसकट. त्याचा संशय खालच्या मजल्यावरच्या काकांवर आहे. "पण एक सांगतो," तो म्हणाला, "चोर नीटनेटका आहे. कापलेलं टोक खिळ्याला परत इतकं सुंदर बांधतो की बघत राहावं."

गुरुवार, १३ तारीख

एक शोध लागला आहे आणि तो मला साहेबांना लेखी कळवावा लागला.

नोंदवहीत सतरा नंबरला 'निरगाठ' आहे आणि अठरा नंबरला 'पिशवीगाठ'. फोटोत मी दोन्ही भिंगाखाली धरल्या. एकच गाठ आहे! काडीचा फरक नाही. म्हणजे ज्या खलाशाने फलक बनवला त्याला एकोणचाळीसच येत होत्या, आणि चाळीस हा पुरा आकडा व्हावा म्हणून त्याने एकच गाठ दोनदा मारली. साठ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. मी अठरा नंबर फलकावरून काढून टाकायचं ठरवलं. वारशाच्या बाबतीत खोटेपणा नको.

जेवताना हे सांगितलं. बाबांचा पाण्याचा पेला तोंडापाशीच थांबला.

"एकच आहेत म्हणतेस?"

"अगदी एक. भिंगातून पाहिलं."

"भिंगातून."

"हो बाबा."

"मग बरोबर असेल," ते म्हणाले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. उठून गच्चीत गेले, तिथे बराच वेळ पाठमोरे उभे राहून खोकत होते, खांदे हलत होते. वय झालं. डॉक्टरांना दाखवायला हवं.

शनिवार, १५ तारीख

माझा वाचायचा चष्मा काल संध्याकाळपासून हरवला होता. घरभर शोधला. बाबा म्हणाले, "शेवटचा कुठे लावला होतास ते आठव." आठवत नव्हतं. आज पिशवी उघडली तर वरच, जुन्या सदऱ्याच्या खिशात, काचा पुसून ठेवलेला! मी आधी दाराकडे पाहिलं. काल घाईत मीच विसरले असणार. नशीब, त्यांनी पिशवी उघडली नव्हती.

आज सहा नव्या गाठी. ही पिशवी कुठे संपते कोण जाणे.

सोमवार, १७ तारीख

आज मजेशीर झालं. संग्रहालयाच्या फाटकाची साखळी तुटली. पहारेकरी दोरी घेऊन झटापट करत होता. मी त्याच्या हातातून दोरी घेतली आणि फाटक बांधून मोकळी झाले. आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बोलीन बांधताना मी विचारच केला नव्हता. हात गेले आणि आले. परत बाहेर जाऊन बघून आले. खरंच बांधली होती. पहारेकऱ्याला वाटलं मी तपासायला आले, तो उठून उभा राहिला.

माझ्या बुटाची नाडीही आज संध्याकाळपर्यंत टिकली. घरी सांगितलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. बाबांनी वर्तमानपत्राच्या आडूनच विचारलं, "कुठली मारलीस?"

"सुरगाठ."

"नुसती?"

"दुहेरी."

पान उलटल्याचा आवाज आला. एवढंच. पण ते पान त्यांनी उलटं उलटलं, परत पहिल्यावर आले. मी पाहिलं.

बुधवार, १९ तारीख

पिशवीत आज सगळ्यात वर एक पत्र होतं. निवासाचं. पाकीट उघडंच. 'आपला क्रमांक लागला असून खोली क्रमांक नऊ २४ तारखेपासून आपल्यासाठी राखून ठेवली आहे. सोमवारी दुपारी चारपर्यंत न आल्यास पुढील अर्जदारास देण्यात येईल.' वरची तारीख गेल्या शुक्रवारची.

म्हणजे चार-पाच दिवस झाले आणि त्यांनी आम्हाला चकार शब्द सांगितलेला नाही. मी खाटेच्या कडेला बसून राहिले. पिशवीत नवी गाठ होती की नाही तेही पाहिलं नाही. सव्वासहा झाले तेव्हा भानावर आले, पत्र होतं तसं वर ठेवून पिशवी बांधली.

साडेसहाला ते आले, खोलीत गेले. बाहेर येऊन माझ्या समोर बसले. चहा मागितला नाही. मी भाजी चिरत होते.

"काय गं," त्यांनी विचारलं, "आज काय विशेष?"

"काही नाही."

"काही नाही?"

"नाही बाबा. तुमचं?"

"माझंही काही नाही," ते म्हणाले आणि उठून गेले.

त्यांना लपवायचंय तर मी कशाला विचारू? आणि विचारणार तरी कसं? तुमची पिशवी दोन आठवडे उचकते आहे, म्हणून?

शुक्रवार, २१ तारीख

अडतीस झाल्या. अठरा काढून टाकली. चाळीस नंबरची माकडमूठ, म्हणजे लांब फेकायच्या दोरीच्या टोकाला असते ती गोल गाठ, काही केल्या होत नाही. माझी बटाट्यासारखी होते. मावशींनी बघून विचारलं, "ही धुवायची आहे का?"

बाबांना उद्या येता का विचारलं. "मी कशाला? दोऱ्या बघायला?"

शनिवार, २२ तारीख

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवते.

समिती अकराला आली. एक अध्यक्षबाई आणि दोन गृहस्थ. साहेबांनी 'आपला गौरवशाली सागरी वारसा' असं सुरू केलं ते पावणेबारापर्यंत. मी फलकाजवळ उभी होते. मावशी दाराशी, धुतलेली साडी नेसून. तेवढ्यात त्यांच्या मागून बाबा आत आले. पांढरा सदरा, कडक इस्त्री, हात पाठीमागे बांधलेले. कुणाकडे न बघता फलकापाशी गेले आणि एकापासून बघत निघाले. एकेका गाठीपुढे थांबत होते. साहेब बोलायचे थांबले.

"अठरा कुठंय?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ती सतरासारखीच आहे, मी तुम्हाला सांगितलं होतं की..."

"दोन दोऱ्या दे."

मी दिल्या. त्यांच्या आठ बोटांनी दोन गाठी मारल्या. डोळ्याची पापणी दोनदा लवायला लागते तेवढा वेळ. दोन्ही हातांत एकेक धरून समितीपुढे उभे राहिले.

"काय फरक आहे?"

तिघं वाकून बघायला लागले. "काहीच नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"टोकं बघा. हिची दोन्ही मोकळी टोकं एका अंगाला, ही निरगाठ. हिचं एक टोक या अंगाला, दुसरं त्या अंगाला. ही पिशवीगाठ. जहाजावर माणसाची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू असते, पिशवी. तिला कुलूप नसतं. तिचं तोंड बांधायचं अठरा नंबरने. कुणी उघडली की तो घाईत परत बांधतो ती सतरा नंबर, कारण हाताला सवय तिचीच. त्याला वाटतं, होती तशी बांधली." त्यांनी पिशवीगाठ वर धरली. "मालकाला आल्याबरोबर कळतं."

मी जमिनीकडे बघत होते. फरशीला एक तडा आहे, तो कुठून कुठे जातो ते मी आता झोपेतही सांगू शकेन.

"मग चोराला शिक्षा काय?" गृहस्थांपैकी एकाने हसत विचारलं.

"चोर काय नेतो त्यावर आहे. काही न नेता नुसता बघून जाणारा चोर असला तर काय करणार? त्याला बघण्यासारखं काहीतरी ठेवायचं."

"तुम्ही ठेवलंय कधी?"

"ठेवलंय की. कपड्यांची दोरी संपली."

सगळे हसले. मावशी सगळ्यात मोठ्याने. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे मुलीला हे सगळं तुम्हीच शिकवलंत?"

"नाही. मी तिला लहानपणी दोरीला हात लावू दिला नाही." त्यांनी डावा, तीन बोटांचा हात सदऱ्याच्या खिशात घातला. "माझ्या हातांना दोरी फार चांगली कळायची."

ते एवढंच बोलले आणि बाहेर गेले. मी त्या खिशाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं मी ते वाक्य चुकीच्या बाजूने धरून बसले होते.

तिसरी खोली राहणार. भेटवस्तूंचं दुकान जिन्याखाली होईल. साहेब मला म्हणाले, "अठरा नंबरचं नाट्य आपण चांगलं जमवलं, मॅडम."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो डोकं धरून बसला. "वीस हात दोरी! आणि मी खालच्या काकांशी बोलणं सोडलं होतं!" ताबडतोब खाली जाऊन त्यांच्याकडे चहा पिऊन आला.

रविवार, २३ तारीख

उद्या सोमवार. सकाळी दहाची बस असते. बाबा अजून काही बोललेले नाहीत. आम्ही दिवसभर एकमेकांना ओलांडून वावरतोय. सकाळी ते बाजारात जाऊन कपड्यांची नवी दोरी घेऊन आले, चांगली पंचवीस हातांची. दोन तास खपून गच्चीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बांधली. नवऱ्याने विचारलं, "बाबा, ही किती वर्षं टिकेल?" तर म्हणे, "बघत राहावं लागेल, अधूनमधून ताणावी लागते." जाता जाता घराचं एवढं तरी करून जातायत. मग त्यांनी आपले तीनही सदरे धुवून त्या दोरीवर घातले. हवा इतकी दमट आहे की ते उद्या सकाळपर्यंत वाळायचे नाहीत. हे त्यांना सांगायला हवं, नाहीतर ओले कपडे घेऊन बसमध्ये बसतील.

पाचला ते धक्क्यावर गेले. जाताना दारातून मागे वळून म्हणाले, "मी साडेसहाला येतो." हे ते कधी सांगत नाहीत. येतातच.

मी पिशवी काढून खाटेवर बसले. अठरा नंबरने बांधलेली होती. आता दिसतं. एक टोक वर, एक खाली. दोन आठवडे डोळ्यांपुढे होतं. आत तेच पत्र सगळ्यात वर. बुधवारी ते माझ्यासाठी ठेवलं होतं हे आता कळतंय. जायचंय हे तोंडाने सांगणं जड गेलं असेल, म्हणून. आणि मी 'काही नाही' म्हटलं.

मी एक चिठ्ठी लिहिली आणि पत्राच्या वर ठेवली. पिशवी बांधली. पहिल्या दोन वेळा सवयीने सतराच झाली. तिसऱ्यांदा हात सावकाश नेले आणि अठरा जमली. पिशवी परत खाटेखाली सरकवली. आता सहा वाजून दहा मिनिटं झालीत. ते येतील, खोलीत जातील, गाठ बघून आधी वाटेल की कुणी उघडलीच नाही. मग उघडतील.

नाहीच म्हणणार. दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हे, आणि तिकडे त्यांच्या तोडीची माणसं आहेत, समुद्र समोर आहे. इथून तो दिसायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. नकार धरूनच चालले आहे. पण मी काय मागितलं ते मला नंतर बदलून सांगता येऊ नये, म्हणून इथे उतरवून ठेवते:

'बाबा, चाळिसावी बटाट्यासारखी होते. ती पिशवीतून शिकता येत नाही, समोर बसून हातात हात धरून शिकवावी लागेल. माझ्या हातांना दोरी कळायला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. वर्ष तरी लागेल. तेवढं थांबा.'